करवंदांच्या पाकाचा आवाज

आधी नुसती खळखळ. उथळ, घाईची, पाण्याच्याच जातीची. मग ती हळूहळू खाली बसे आणि तिच्या जागी जाडसर रटरट येई; करवंदं पातेल्याच्या कडेला धक्के देत फिरू लागत. शेवटी बुडबुडे एकमेकांपासून दूर होत. एक फुटला, की दुसरा येण्याआधी एवढी फट राही, की तिच्यात एक श्वास मावावा. तुम्ही त्या फटीची वाट पाहत असायचात, आक्का. ती आली, की मिटलेले डोळे न उघडताच तुम्ही म्हणायचात, "बंद कर."

तुम्हांला जाऊन आज एकोणीस दिवस होत आहेत. अजून माणसं भेटायला येतात. घोटीच्या शाळेतल्या तुमच्या शिस्तीविषयी बोलतात, पाढे म्हणून घेण्याविषयी बोलतात, नवऱ्यामागे एकटीनं काढलेल्या वर्षांविषयी आदरानं बोलतात. मी चहा ठेवते, मान हलवते. मला ज्याविषयी बोलायचं आहे, ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही. ते तुमच्याशीच बोलावं लागेल. आणि तुमच्या हयातीत जे ओरडून सांगावं लागलं, ते निदान आता सावकाश सांगता येईल.

तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. निवृत्त होऊन आमच्या गंगापूर रोडच्या तीन खोल्यांत राहायला आलात, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलेलं होतं. बरोबर एक ट्रंक, दोन गोधड्या आणि चिनी मातीच्या तीन बरण्या होत्या. ट्रंक तुम्ही भावाला उचलू दिलीत. बरण्या मात्र रिक्षातून मांडीवर घेऊन आलात, आणि मी हात पुढे केला तेव्हा म्हणालात, "राहू दे वसू, कवितेच्या माणसांच्या हातून वस्तू निसटतात." मी मराठीची एम. ए., काव्य हा माझा विषय. ते तुम्हांला लग्नातच कळलं होतं आणि तेव्हापासून तुम्ही ते टोमण्यासाठी राखून ठेवलं होतं.

पहिल्याच वैशाखात तुम्ही मला करवंदं घ्यायला बरोबर नेलंत. पेठ-हरसूलकडच्या बायका पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या असत, पळसाच्या पानांचे द्रोण लावून. बाकीची गिऱ्हाइकं काळीभोर, पिकलेली करवंदं निवडत. तुम्ही मात्र दोन मापं काळी आणि एक माप तांबूस, अर्धकच्ची मागत होतात. पाटीवाली हसली होती. "ती आंबट हायेत बाई, पोरं थुकतील."

"पोरं थुंकतील, पण पाक धरेल," तुम्ही म्हणालात. "पिकलेलं चवीला, कच्चं धरायला. नुसत्या पिकलेल्यांनी काही उभं राहत नाही."

मग घरी येऊन चिकाचा तो सोहळा. बोटांना खोबरेल लावायचं, देठ खुडायचे, मिठाच्या पाण्यात करवंदं बुडवायची, केसांच्या आकड्यानं एकेक बी काढायची. दुपारभर आपण दोघी समोरासमोर बसायचो. चिकाचा कडवट, हिरवा वास, त्याखाली पिकलेल्या फळाचा जड गोडवा, आणि तुमच्या खोबरेलाचा वास. या तिन्हींचं मिळून जे काही व्हायचं त्याला मी तेव्हा शब्द शोधत असे. तुम्हांला ते कळायचं. "शोधू नकोस, बिया काढ," तुम्ही म्हणायचात.

आणि गॅस पेटला, की घरात बोलायचं नाही. रेडिओ बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. वैशाखात. तुमचा भाऊ अंबडहून पहिली पाळी करून येई, तो बूट हातात घेऊन दारातच थांबे. एकदा त्यानं जिन्यातल्या शेजाऱ्याला कुजबुजत सांगितलं, "कारखान्यात एवढा गोंगाट, कोणाचं काही म्हणणं नाही. घरी आलं की संचारबंदी." तुम्ही स्वयंपाकघरातून, पाठ न वळवता, "तुझं कुजबुजणं सिडकोपर्यंत जातं," असं उत्तर दिलंत आणि पुन्हा पातेल्याकडे कान लावलात. असा कान होता तुमचा.

मी वाद घालून पाहिला होता. चमच्यावर थेंब घेऊन पाहावा, बोटांत तार ओढून पाहावी, सगळं जग तसंच करतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "करवंद पहिल्या उकळीलाच काळं होतं. काळ्यात काय पाहणार तू? डोळा भुलतो, जीभ भाजते. कान ठेव." आणि मग तो घाव: "तुमच्या कवितेत यमक काय डोळ्यांनी जुळतं?"

बरण्या भरायच्या, तोंडाला सुती फडकं बांधायचं. त्याला तुम्ही दादरा म्हणायचात, माझ्या आईच्या घरीही तोच शब्द होता, आणि परक्या घरात माझा शब्द भेटल्यासारखं मला वाटलं होतं. त्यानंतर फडताळाच्या वरच्या फळीवर त्या सहा महिने बसत. पावसाळाभर कोणी हात लावायचा नाही. मार्गशीर्षात कधी तरी सकाळी धरणाकडून वारा सुटे, तुम्ही गोधड्या गच्चीत उन्हाला टाकायला सांगायचात, आणि त्याच दिवशी बरणी उघडायची. गोधडी वर, बरणी खाली. हा तुमचा नियम कोणत्या पंचांगात नव्हता. बाजरीच्या गरम भाकरीच्या पापुद्र्यात दोन करवंदं आणि चमचाभर पाक. बाहेर बोटं आखडावीत अशी थंडी, आणि तोंडात वैशाख. आभार मानायचे तर मी इथूनच सुरुवात करीन, आक्का. ऋतू साठवून ठेवता येतो, हे मला पुस्तकांनी सांगितलं होतं. खाऊ तो तुम्ही घातलात.

आता ते दुसरं.

आपली मुक्ता तीन वर्षांची होती, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. पातेलं उकळत होतं, तुम्ही डोळे मिटून उभ्या होतात, मी दाराशी होते. रटरट अजून चालू होती. बुडबुडे एकमेकांना चिकटून येत होते, फट कुठेच नव्हती. आणि तुम्ही म्हणालात, "बंद कर."

मी थबकले. तुम्ही पुन्हा म्हणालात. त्या वेळी बोलायचं नाही असा तुमचाच नियम. मी तो पाळला आणि गॅस बंद केला. नियमाच्या आड लपणं किती सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आडव्या झालात तेव्हा मी बरणी उतरवून तिरकी करून पाहिली. पाक सरबतासारखा पळाला. श्रावण लागायच्या आत तो फसफसला असता, दादरा फुगला असता, फळं आंबली असती. मी तिन्ही बरण्या गाळल्या. करवंदं बाजूला ठेवली, पाक पुन्हा चढवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं ऐकत उभी राहिले. फट आली. मी गॅस बंद केला, करवंदं परत आत सोडली, निवल्यावर बरण्या भरल्या आणि तुमच्या गाठीसारखी गाठ मारली. तीन पेड, एक आडवा, टोक आत.

मला वाटलं होतं, एक वर्षाची चूक आहे. पाच वर्षं ती तशीच होत राहिली.

त्या पाच वर्षांत घरातल्या बाकीच्या खुणा दिसत नव्हत्या असं नाही. फोन वाजत राहायचा. मुक्ता शाळेतलं सांगायची ते तुम्ही हसून ऐकायचात आणि भलत्याच ठिकाणी "अरे वा" म्हणायचात. मग हळूहळू ती सांगेनाशी झाली. तुमच्या भावानं तुम्हांला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मीही आले होते. त्यांनी तपासून सांगितलं, यंत्र लावावं लागेल. तुम्ही ताठ बसून म्हणालात, "डॉक्टर, मी पाकातला बुडबुडा ऐकते. पाच मिनिटं इकडची तिकडे होत नाहीत. विचारा हिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "हो. पाक त्यांचा अजून बिघडलेला नाही."

शब्द खरे होते, आक्का. पाक बिघडला नव्हताच. इतकी वर्षं शब्द तोलायला शिकले, ते त्या दिवशी असे कामी आले.

एका वर्षी माझ्या हातून पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं. पितळी, जड झाकण; ते गोल गोल फिरत, घणघणत किती वेळ थांबेचना. तुम्ही भिंतीपलीकडे झोपल्या होतात. मी श्वास रोखून दारातून पाहिलं. तुमची कूससुद्धा बदललेली नव्हती. मला हायसं वाटलं. त्या हायशाची मला आजही लाज वाटते. ज्या बहिरेपणातून तुम्हांला बाहेर काढायला हवं होतं, तोच माझ्या कामाला सोयीचा झाला होता.

मग मुक्ता आठ वर्षांची असताना ती दुपार. मी बँकेत गेले होते. ती शाळेतून आली, न्हाणीघरात गेली, आणि आतली कडी अडकून बसली. तिनं हाका मारल्या. आधी साध्या, मग रडत, मग दारावर बादली आपटत. तुम्ही बाहेरच्या खोलीत मटार सोलत होतात, दहा पावलांवर. मी परत आले तेव्हा तासभर उलटला होता. मी दाराला खांदा दिला, कडी निखळली. पोरीचा घसा बसला होता, मुठी लाल झाल्या होत्या. तिनं तुमच्याकडे पाहिलं आणि माझ्या मागे लपली. तेवढंच केलं तिनं. पण ते तुम्ही पाहिलंत.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. सोललेले मटार तसेच पातेल्यात पडलेले. तुम्ही खरोखर गोंधळलेल्या होतात. असा चेहरा मी तुमचा कधी पाहिला नव्हता. गणित मांडून पुन्हा पुन्हा तपासावं आणि उत्तर जुळू नये, तसा. "वसू," तुम्ही म्हणालात, "मला बुडबुडा ऐकू येतो. मग पोरीची हाक कशी नाही आली?"

मी सांगितलं. हळू सांगता येत नव्हतं. जी गोष्ट पाच वर्षं मी मनातल्या मनातही दबक्या आवाजात बोलत होते, ती तुमच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून, तीनदा सांगावी लागली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनीही ऐकली असेल. तिसऱ्यांदा तुम्हांला समजली.

तुम्ही स्टूल ओढलंत, वर चढलात, त्या उन्हाळ्याची बरणी खाली काढलीत. दादरा सोडलात. गाठीकडे नीट पाहिलंत. एक करवंद खाल्लंत आणि बी नसतानाही खूप वेळ चघळत राहिलात.

"म्हणजे हे तुझं आहे."

"आपलं आहे आक्का."

"मला शिकवू नकोस." मग अगदी शाळेतल्या आवाजात: "तू माझी वही तपासलीस. चुका माझ्या नकळत स्वतःच्या हातानं खोडून दुरुस्त केल्यास. आणि वर बरोबरची खूण दिलीस. असं करणाऱ्या मास्तरणीला मी शाळेत उभं केलं नसतं."

मी म्हणाले, मला तुम्हांला दुखवायचं नव्हतं.

"दया करायची तर तोंडावर करावी," तुम्ही म्हणालात. "पाठीमागे करतात ती चोरी."

त्या मार्गशीर्षात गोधड्या गच्चीत गेल्या, बरणी मात्र खाली आली नाही. तुम्ही माझ्याशी बोलत होतात, मीठ मागत होतात, पेपर मागत होतात. पण "वसू" म्हणत नव्हतात. एका सकाळी कोणालाही न सांगता एकट्या रिक्षा करून गेलात आणि कानात यंत्र घालून परत आलात. आल्या आल्या मुक्ताला समोर बसवलंत. "सांग आता सगळं. दोन वर्षांचं सांग." ती सांगत राहिली, तुम्ही ऐकत राहिलात, आणि मी चपात्या लाटता लाटता पोळपाटावर वाकले, कारण माझे डोळे कोणी पाहायला नको होते. दोन वर्षं. तेवढं मी तुम्हां दोघींचं बुडवलं होतं.

आपला वाद मात्र मिटला नाही. माझ्या बाजूनं मी आजही काही म्हणू शकते, आणि तुम्ही नाही म्हणूनच म्हणण्याचा धीर होतो आहे. मला तुमचा मान राखायचा होता, हे खरं आहे. पण त्याच्या तळाशी आणखी काही होतं, ते तुम्हांला कधी सांगितलं नाही. त्या पाच दुपारी मला आवडत होत्या. तुमच्या जागी उभं राहणं, डोळे मिटणं, आवाजाला हळूहळू घट्ट होताना ऐकणं. कवितेनं मला जे ऐकायला शिकवलं नाही, ते मी तिथे चोरून शिकत होते. तुम्ही चोरी म्हणालात तेव्हा तुम्हांला वाटलं त्याहून तो शब्द अधिक नेमका होता.

आणि आणखी एक. त्या वर्षांत तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुम्ही पातेल्यासमोर डोळे मिटून उभ्या असायचात तेव्हा तुम्हांला पाक खरंच ऐकू येत होता. आधीच्या चाळीस उन्हाळ्यांचा. आठवणीतली फट येई आणि तुम्ही "बंद कर" म्हणायचात. समोरच्या पातेल्याला ती आठवण माहीत नव्हती, एवढंच. हे मला तेव्हा सुचलं असतं, तर कदाचित मी ते तुम्हांला सांगू शकले असते, दया न करता आणि न लपवता.

यंत्रानंतरच्या पहिल्या वैशाखात तुम्ही पुन्हा गॅसपुढे उभ्या राहिलात. घर गप्प. तुम्ही कपाळाला आठ्या घालून ऐकत होतात. नंतर म्हणालात, "पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं येतंय सगळं. सुरुवात तशी, शेवट तसाच." पण हट्टानं थांबलात, आणि फार थांबलात. आठवड्यात पाकाची साखर बसली. चमचा बरणीत उभा राहिला. मुक्तानं सुरीनं एक खडा खरवडला, गालात धरला आणि म्हणाली, "आत्या, गोळ्या चांगल्या केल्यास." तुम्ही हसलात. मग माझ्याकडे पाहून, कित्येक महिन्यांनी, "वसू, उद्या डबे आण. गोळ्याच वाटू." अख्ख्या इमारतीला आपण त्या गोळ्या वाटल्या, आणि विचारणाऱ्याला तुम्ही ठणकावून सांगितलंत की त्या तशाच करायच्या होत्या.

क्षमा केलीत की नाही, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही शब्द वाया घालवणाऱ्यांतल्या नव्हतात, आणि मला होकाराची भीती जास्त होती की नकाराची, हेही मला ठरवता येत नव्हतं.

मग आला हा गेला वैशाख. तुम्हांला धाप लागत होती. बिया काढताना मध्येच हात मांडीवर ठेवून बसायचात. पातेलं चढवलं तेव्हा मी खुर्ची आणून गॅसजवळ ठेवली. तुम्ही बसलात. मी झारा तुमच्या हातात दिला, तो तुम्ही माझ्याकडे परत सरकवलात. यंत्र कानातून काढून मुठीत धरलंत. पंखा बंद होता, तुमचा भाऊ बूट घेऊन दारात, मुक्ता फ्रीजला टेकून तोंडावर बोट ठेवून उभी. मी डोळे मिटायला गेले आणि लाजले. तुमच्यासमोर तुमची नक्कल केल्यासारखं वाटलं. मग मिटलेच.

खळखळ गेली. रटरट आली, बराच वेळ राहिली, आणि जड होत गेली. बुडबुडे विरळ होऊ लागले. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता जाणवलं की कोणी तरी मला पाहतं आहे. डोळे उघडले. तुम्ही पातेल्याकडे पाहतच नव्हतात. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे पाहत होतात, शांतपणे, जसं पूर्वी पाकाकडे कान लावून राहायचात तसं. तेवढ्यात पातेल्यात एक बुडबुडा फुटला, आणि दुसरा लवकर आला नाही.

इतकी वर्षं त्या जागी तुम्ही फक्त हुकूम दिला होता. आक्का, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत,

"झालं?"